सोयाबीन सुट्टी बघून पिकत नाही

बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचं नाही. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत त्यानं घरच्या शेतीत, धोक्याची कामं सोडून, हातभार लावला तर चालेल, असं ठरलं. किती समंजस! फक्त इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरच्या काळ्या मातीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. इथं शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि तेव्हा बहुतेक वावरांत ढेकळं मोजण्यापलीकडे काम नसतं. जूनच्या मध्यात शाळा उघडते, पाठोपाठ पाऊस येतो आणि सोयाबीनची पेरणी सुरू होते. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. वाळलेली शेंग दिवाळीच्या सुट्टीसाठी थांबत नाही, तडकून दाणे मातीत टाकते. गहू पिवळा पडला की वार्षिक परीक्षा! म्हणजे सरकारनं मुलाला मोकळीक दिली ती वावर झोपलेलं असताना.

यावर कुणी म्हणेल, आता हार्वेस्टर आले, पोराला काम उरलंय कुठं? उरलंय ते यंत्राला न परवडणारं. हरभऱ्यातून रोजडे, म्हणजे नीलगायी, हाकलायला अजून कुणी यंत्र काढलेलं नाही. मोटार चालू करणं, बांधावर चहा पोचवणं, काकांच्या मोबाइलवर मंडीचा भाव वाचून दाखवणं, ही खाती बिनपगारी लहान मंत्र्याकडेच असतात. बटाटा पोर्तुगिजांनी भारतात आणला, महूकडच्या शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. उकरल्यावर वेचायला मात्र जमिनीपासून जवळची कंबर लागते. इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची जी पद्धत बसवली, तिच्यावर 1931 मध्ये पुस्तक निघालं आणि इंदूरचं नाव जगभर गेलं. त्या खताला शेण लागतं, आणि शेणाची पाटी घरात कुणाच्या डोक्यावर येते हे सांगायला पुस्तक लागत नाही.

मग सुट्ट्याच पिकांप्रमाणे द्याव्यात, ही सूचना सुचायला सोपी आहे. मुलांच्या दृष्टीनं तिच्याइतकी घातक सूचना नाही. आज पेरणीच्या दिवशी पोराजवळ ‘शाळा आहे’ हे एकच ठाम उत्तर असतं, आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या बापालाही ते खोडता येत नाही. सुट्टी पेरणीत आली की तेही गेलं. शेतीचे संस्कार बुडतील अशी चिंता करणाऱ्यांनी निर्धास्त राहावं. रविवार, संध्याकाळ आणि पहाट एवढा संस्कारांचा साठा शिल्लक आहे. त्यातून ज्यांना फारच कळवळा वाटतो, ते बहुधा इंदूरच्या एखाद्या कॉलनीत राहतात आणि आपल्या मुलांना शेत दाखवायला शनिवारी तिकीट काढून नेतात. तिथं बैलगाडीची एक फेरी असते, शेणाची पाटी नसते. वेळापत्रक चुकीचं आहे खरं. ते दुरुस्त करायला समिती नेमलीच, तर तिची पहिली बैठक पेरणीच्या आठवड्यात भर दुपारी वावरात ठेवावी, आणि सदस्यांनी येताना चहाची किटली स्वतः उचलून आणावी.