घरच्या डब्याचे दादा

हिंजवडीच्या आमच्या कँटीनमध्ये चाळीस पदार्थ असोत, दादा घरचाच डबा उघडणार. वेबपेजवर साधं बटण हवं असलं तरी तेही घरीच करणार, साध्या जावास्क्रिप्टमध्ये. लायब्ररी, फ्रेमवर्क यांचं त्यांना वावडं. "ब्राउझरमध्ये आहे ना सगळं? मग बाहेरून कशाला आणायचं?"

नवं पोरगं आलं की पहिला धडा नावाचा. "घरी बनवलेल्या टॅगचं नाव एकेरी चालत नाही. मध्ये आडवी रेघ पाहिजे. नाव आणि आडनाव! एकेरी नावं ब्राउझरने स्वतःच्या पोरांसाठी राखून ठेवलीत." मग शॅडो डॉम. दादांच्या लेखी तो सदाशिव पेठेतला वाडा. बाहेरच्या सीएसएसने दारातच थांबायचं. तरीही अक्षरांचा रंग नि फॉन्ट आत झिरपतातच, हे एकाने दाखवून दिलं. दादा शांतपणे म्हणाले, "तो वारसा आहे. वारसा कडी लावून अडतो होय?" म्हणणं बरोबरच होतं. त्यांचं बहुतेक बरोबरच असतं, हाच तर आमचा त्रास.

२०१८च्या ऑक्टोबरात फायरफॉक्समध्ये हे घरगुती टॅग नि शॅडो डॉम चालू लागले तेव्हा दादांनी पेढे वाटले होते. २०२४च्या डिसेंबरात रिअ‍ॅक्टच्या १९व्या आवृत्तीने अशा घरगुती टॅगांना नीट आधार दिला, तेव्हा मात्र नुसतं "आले शेवटी" म्हणून लोणच्याची बाटली उघडली.

गेल्या रिलीजला दादांनी उलटमोजणीचं घड्याळ केलं. झकास चाललं. मग डिझायनरबाईंच्या सांगण्यावरून कुणीतरी एका ओळीच्या कोडने ते पानाच्या तळातून उचलून वर ठेवलं, आणि सेकंद दोन-दोनने उतरू लागले! मॅनेजर घामाघूम. दादा चष्मा कपाळावर चढवून कोड वाचत बसले. असा घरगुती टॅग पानावरून निघाला की डिस्कनेक्टेड-कॉलबॅक चालतो, पुन्हा बसला की कनेक्टेड-कॉलबॅक; हे दादांनीच आम्हाला तीनदा शिकवलेलं. कनेक्टेडमध्ये त्यांनी टायमर सुरू केला होता. डिस्कनेक्टेडमध्ये बंद करायचा राहिला होता. म्हणजे जुना चालूच, वर नवा. दोघं मिळून एकाच आकड्यातून वजा करत होते.

कुणी काही बोललं नाही. दादांनी राहिलेली ओळ घातली, लॅपटॉप मिटला, डब्याकडे एकदा पाहिलं.

"कँटीनमध्ये काय आहे रे आज?"