टँकरच्या गावात टॅन

विलायतेत एक घरगुती संकट असतं. शनिवारी बाटलीतून अंगाला फासलेला सावळेपणा सोमवारी कामावर जायच्या आत उतरवायचा. कोपर, गुडघे, घोटे इथं कातडी जाड आणि कोरडी. रंग तिथं जास्त बसतो आणि चोरी उघडी पडते. मग उपाय सुरू होतात. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बसा, तेल चोळा, खसखसून घासा, वर लिंबू आणि खायचा सोडा.

हा सल्ला माण तालुक्यात दहिवडी-म्हसवडला, नाहीतर पलीकडं आटपाडीला देऊन बघा. दुष्काळी सालात फाल्गुन सरतो तसे लोक टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात. ते पाणी सुनेनं रंग उतरवायला टबात ओतलं, तर रंग उतरायच्या आधी सासूचा पारा चढेल.

बाटलीतल्या रंगाचं नाव डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन. साखरेच्याच कुळातला पदार्थ. 1950च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला ईवा विटगेनस्टाइन नावाच्या बाई तो आजारी मुलांना औषध म्हणून पाजत होत्या. थेंब अंगावर सांडले, कातडी तपकिरी झाली, कपडे मात्र तसेच. औषध राहिलं बाजूला, धंदा उभा राहिला. हा रंग कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात बसतो. भाकरीला तव्यावर जे डाग पडतात, जवळपास तीच ही रासायनिक क्रिया. तो थर आठवडाभरात झडतो, रंगही त्याच्याबरोबर जातो. म्हणजे एवढी घासाघीस करायची ती फक्त घाई म्हणून.

माणचं ऊन असं बाटलीतलं नाही. ते कातडीच्या जिवंत थरात मेलॅनिन तयार करून घेतं आणि तो थर वर येऊन झडायला महिनाभर तरी लागतो. तोही नवं ऊन लागलं नाही तर! बेसन, दही, टोमॅटो यांनी वरचा मळ निघतो, समाधान मिळतं. लिंबू लावून उन्हात गेलं की मात्र कातडी भाजते आणि मूळ रंगापेक्षा काळे डाग उमटतात. खरा उपाय एकच, उन्हात न जाणं. तो मेंढरांमागं माळ तुडवणाऱ्याला, कांदा काढणाऱ्या बाईला, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या जोडप्याला कोण सांगणार? 2012च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसं जनावरांसकट मुक्कामाला होती. तिथं सनस्क्रीनचं वाटप झाल्याचं ऐकिवात नाही.

माणमधल्याच मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, तेव्हा तिला ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी रंगाची चौकशी केली नाही. तालुक्यातल्या बाकीच्या पोरींच्या वाट्याला स्टीपलचेस नसतं, कांदेपोहे असतात. तिथं पहिला प्रश्न रंगाचा. 1975 साली बाजारात आलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमनं 2020मध्ये नावातला गोरेपणा काढून टाकला, पण पाहुण्यांच्या डोक्यातला काढणारं क्रीम अजून निघालेलं नाही.

गोरं व्हायच्या घाईत कुणी बिननावाची, बिनपत्त्याची डबी आणते. केरळात मलप्पुरमला 2023 साली अशाच क्रीममधल्या पाऱ्यानं लोकांची मूत्रपिंडं बिघडवली. त्यापेक्षा सासूचा पारा परवडला.

आता लग्नसराईत गावोगावी ‘डी-टॅन पॅकेज’ची पाटी दिसते. पार्लरवाली बजावते, आठ दिवस उन्हात पाऊल टाकायचं नाही ताई. मुहूर्त वैशाखातल्या भर दुपारचा, मंडप उघड्या माळावर, आणि नवरदेव पारावर तासभर नाचतोय. त्याला कुणी पॅकेज घे म्हणत नाही. त्याच्या कपाळावर टोपीची पांढरी रेघ आहेच, पण ती झाकायला फेटा असतो.