एक तुलनाशास्त्री

टीव्हीच्या दुकानात टीव्हीसमोर उभं राहून बघतात ते गिऱ्हाईक. आणि बाजूच्या भिंतीला जवळजवळ गाल टेकवून, एक डोळा मिटून, टीव्हीकडे कडेने बघतो तो तुलनाशास्त्री.

"समोरून काय, सगळेच बरे दिसतात," असं त्याचं म्हणणं. "घरात समोरची जागा एकच. तिथे आई बसते. बाकीच्यांनी कुठून बघायचं?"

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले तुलनाशास्त्री तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि विमा कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतं. जिन्यात सगळे शास्त्रीबुवाच म्हणतात. दुकानात जाताना त्यांच्या पिशवीत तीन वस्तू असतात: मेजरिंग टेप, चौकटीची वही आणि पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर पुतणीच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं चित्रीकरण आहे. दुकानात लावलेले पोपट, धबधबे आणि संथपणे ओघळणारा मध यांवर शास्त्रीबुवांचा काडीचा विश्वास नाही. "पोपट कुठल्याही टीव्हीवर हिरवाच दिसतो. काळी चंद्रकळा लावा. काळ्यात काळं दिसलं पाहिजे." मग दुकानातला पोरगा निमूटपणे पेनड्राइव्ह लावतो आणि सत्तर हजारांच्या पडद्यावर शास्त्रीबुवांच्या चुलत वहिनी हलवा वाटू लागतात. शास्त्रीबुवा त्यांच्या पदराच्या निऱ्या मोजतात. या टीव्हीवर सात, शेजारच्यावर पाच. वहीत नोंद होते.

त्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर सोपं होतं. पण ते कधीच चुकत नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पॅनल आयपीएस असेल तर कडेने बघितलं तरी रंग फारसे विटत नाहीत, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए असेल तर काळा काळाच, पण सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला नायिकेचा चेहरा फिकुटलेला दिसतो. खोक्यावर एलईडी टीव्ही असं लिहिलं तरी आत चित्र एलसीडीचंच असतं, एलईडी फक्त मागून उजेड पाडतात. क्यूएलईडी म्हणजे त्याच उजेडासमोर क्वांटम डॉट्सचा थर. ओएलईडीत मागे दिवाच नाही, एकेक ठिपका आपापला पेटतो आणि आपापला विझतो. एका अक्षराच्या फरकापायी भल्याभल्यांची फसगत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शास्त्रीबुवांनी वाचवलं आहे. वाचलेल्यांपैकी टीव्ही मात्र फार थोड्यांनी घेतला.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने एकदा धूर्तपणा करून पाहिला. शास्त्रीबुवा रोज येतातच, तर निदान त्यांनी गिऱ्हाइकांना समजावून सांगावं. एक नवविवाहित जोडपं त्यांच्या हवाली केलं. चाळीस मिनिटांनी ते जोडपं हात जोडून उठलं, समोरच्या दुकानात गेलं आणि मिक्सर घेऊन घरी गेलं. त्या दिवसापासून शास्त्रीबुवांना खुर्ची मिळते, चहा मिळतो, रिमोटही मिळतो. गिऱ्हाईक मिळत नाही.

त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम म्हणजे तुलना दोघांचीच. तिसऱ्या टीव्हीला प्रवेश नाही. तीन असले की मतदान होतं, दोन असले की वाद रंगतो, आणि शास्त्रीबुवांना हवा असतो वाद. डाव्या आणि उजव्या टीव्हीला ते नावाने कधी पुकारत नाहीत. 'हा' आणि 'तो'. 'हा' पुढे जायला लागला की त्यांचा चेहरा उतरतो, आणि मग 'त्या'चा एखादा झाकलेला गुण शोधून काढल्याखेरीज त्यांना झोप येत नाही.

हे वारशाने आलंय. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वडील गिरगावात चाळीत राहत. क्राउन घ्यावा की टेलिव्हिस्टा, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. तेव्हा टीव्हीला लाकडी शटर असे, गच्चीवर अँटेना असे आणि लायसन्सची फी पोस्टात भरावी लागे. वडिलांनी शटर उघडताना कुठलं कुरकुरतं इथपासून सुरुवात केली. समोरच्या बिऱ्हाडाने काहीही न तोलता टीव्ही आणला, आणि शास्त्रीबुवांच्या सगळ्या घराने वर्षानुवर्षं रविवारचा सिनेमा त्यांच्याकडे सतरंजीवर बसून पाहिला. वडीलही तिथेच बसत, पण मधूनमधून "आवाज जरा घोगरा आहे नाही?" असं यजमानांना विचारत. असं करता करता १९८२ उजाडलं, दिल्लीत एशियाड भरलं आणि देशात टीव्ही रंगीत झाला. "बघा!" वडील म्हणाले, "घाई केली असती तर कृष्णधवल गळ्यात पडला असता." दहा वर्षं दुसऱ्याच्या सतरंजीवर काढल्याचं दुःख त्या एका वाक्यात विरून गेलं आणि मुलाला जन्माचं तत्त्वज्ञान मिळालं: थांबणाऱ्याचा फायदाच होतो.

मुलालाही त्याची प्रचीती आली, तीही सरकारी हुकमाने. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आमच्या इमारतीत तीन घरांनी गणपतीच्या मुहूर्तावर टीव्ही आणले होते. शास्त्रीबुवा त्या तिन्ही घरी सांत्वनाला गेले. बूट बाहेर काढून, सोफ्याच्या कडेला टेकून, हलक्या आवाजात म्हणाले, "जे झालं ते झालं." एका घरात कोणी तरी "दहा टक्के गेले की हो" असं म्हणालं, तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं: दहा नव्हे. एकशे अठ्ठावीसाचे एकशे अठरा झाले, म्हणजे सात पूर्णांक आठ. दुखवट्यातही हिशेब चुकू नये.

दुसऱ्यांच्या घरी त्यांना टीव्ही चालू असताना बसवणं धोक्याचं असतं. चहा येण्याआधी रिमोट त्यांच्या हातात गेलेला असतो. आधी ते मोशन स्मूदनिंग बंद करतात, कारण त्याने सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. मग दुकानातून तसाच आलेला झगझगीत 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' लावतात. "साडेसहा हजार केल्विन. पांढरा रंग असा असतो," ते समाधानाने मागे रेलतात. घरातली मंडळी पडद्याकडे बघतात, तर निवेदिकेला कावीळ झालेली. कोणी काही बोलत नाही. शास्त्रीबुवा जिना उतरले की पुन्हा झगझगाट सुरू होतो. बरं, रंग त्यांचाच बरोबर असतो. पण आपल्या पैशांनी आणलेल्या टीव्हीवर निदान आठवडाभर तरी झगमगाट दिसावा असं माणसाला वाटतंच, आणि ते कुठल्याही वहीत बसत नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या टीव्हीचं. घरातला जुना बत्तीस इंची कोपऱ्यातून काळवंडू लागला, तेव्हा रीतसर कामाला सुरुवात झाली. हॉल दहा बाय चौदा. सोफ्यापासून शोकेसपर्यंत साडेसात फूट. वहीत गणित मांडलं: तिरक्या मापाच्या साधारण दीडपट-पावणेदोनपट अंतर ठेवायचं, म्हणजे पंचावन्न इंच. आणि त्रेचाळीसपेक्षा पंचावन्न म्हणजे बारा इंच जास्त असं समजणारे भोळे. क्षेत्रफळ चौसष्ट टक्के वाढतं. हे त्यांनी मला जिन्यात, हातात भाजीची पिशवी असताना, जमिनीवर खडूने काढून दाखवलं.

ओएलईडी पहिल्याच फेरीत बाद झाला. किमतीने नव्हे, आईंनी. आई संध्याकाळी सात ते साडेदहा एकच चॅनल बघतात. एकच चित्र एकाच जागी तासन्‌तास राहिलं तर ओएलईडीवर त्याचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते. "उद्या क्रिकेट लावलं तरी कोपऱ्यात मालिकेच्या चॅनलचा शिक्का दिसायचा," शास्त्रीबुवा म्हणाले. आई म्हणाल्या, "मग बरंच आहे की." पण तो मुद्दा वहीत धरला गेला नाही.

राहिले 'हा' आणि 'तो', दोन्ही पंचावन्न इंची. 'हा' आयपीएस, 'तो' व्हीए. शंभर गुणांची परीक्षा झाली. कडेच्या दर्शनाला पंधरा, काळ्या रंगाला पंधरा, आवाजाला दहा, एचडीएमआयच्या भोकांना आठ. त्यातलं एक तरी २.१ हवं असा त्यांचा आग्रह होता. ते लागतं खेळाच्या कन्सोलसाठी, आणि या घरातला सगळ्यात वेगवान खेळ म्हणजे आईंचा पेशन्स. बेरीज झाली. 'हा' साडेअठ्ठ्याहत्तर, 'तो' सव्वाअठ्ठ्याहत्तर. एखादा माणूस पाव गुणाने 'हा' घेऊन मोकळा झाला असता. शास्त्रीबुवांनी पुन्हा तपासणी लावली. दसरा गेला. पुन्हा तपासणीत 'तो' पाव गुणाने पुढे आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो टीव्ही घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शास्त्रीणबाई प्रथमच दुकानात गेल्या. चंद्रकळेचं चित्रीकरण त्यांनी बघितलंही नाही. टीव्हीच्या खाली वाकून विचारलं, "हो, पण याचे पाय कुठे येतात?"

पाय दोन टोकांना होते. दोन्ही टीव्हींचे. बाईंनी नवऱ्याच्या पिशवीतला टेप काढला, एका पायापासून दुसऱ्यापर्यंत लावला आणि शोकेस साडेतीन फुटी असल्याची आठवण दिली. म्हणजे एक पाय शोकेसवर ठेवला तर दुसरा अधांतरी.

"भिंतीवर लावू," शास्त्रीबुवा म्हणाले.

"त्या भिंतीमागे बाथरूम आहे. दर पावसाळ्यात पोपडे धरतात. तिथे भोकं पाडून सत्तर हजार लटकवायचे?"

वहीत सत्तावीस रकाने होते. पायांचा रकाना नव्हता. शास्त्रीबुवा पानं उलटत राहिले, तेवढ्यात बाईंनी ओळीतल्या एका त्रेचाळीस इंचीवर बोट ठेवलं. पाय बसतात का, रिमोटवर आकडे आहेत का, आणि मागून धूळ पुसता येते का, असे तीन प्रश्न विचारले, आणि पाव तासात पैसे भरले. त्या टीव्हीचं पॅनल आयपीएस होतं की व्हीए, हे विचारायला बिल होईपर्यंत कोणाला सुचलं नाही, आणि झाल्यावर शास्त्रीबुवांनी मुद्दामच विचारलं नाही. तुलना न झालेला टीव्ही त्यांच्या घरात आला, तो असा.

मला वाटलं होतं की आता ते चार दिवस तरी गप्प बसतील. भाऊबीजेला फराळाचं ताट घेऊन वर गेलो तर नव्या टीव्हीसमोर बसले होते, मांडीवर वही. पडद्यावर यूट्यूबवरचा एक तरुण 'हा' आणि 'तो' शेजारी शेजारी ठेवून तुलना करत होता.

"बघताय ना?" मला म्हणाले. "उजव्याचा काळा जास्त गडद दिसतोय. पण तो त्याचा गुण की आपल्या या टीव्हीचा दोष, हे कसं ठरवायचं? तुमच्याकडच्या टीव्हीवर एकदा लावून बघायला हवं. आत्ता मोकळे आहात?"