इन्स्टॉलरसाहेबांना अहिल्यानगरच्या दिल्लीगेटहून

राजमान्य राजश्री विंडोज ११ चे इन्स्टॉलरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपण आमच्या डीटीपीच्या दुकानात पायधूळ झाडलीत, २०१२ सालच्या मशीनवर एक नजर टाकलीत आणि हा पीसी आपल्या लायकीचा नाही असं जाहीर केलंत. उपकृत आहोत. टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट नाही, प्रोसेसर इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा, आणि आपल्याला आठवीच्या आधीचा चालत नाही. पिढ्यांची एवढी चौकशी आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही होत नाही.

आपल्याला बोलवायची हौस नव्हती. आमच्या विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, २०२३ मध्ये क्रोमनंही तिची साथ सोडली, आणि गिऱ्हाइकं मजकूर पाठवतात व्हॉट्सॅपवर. विंडोज १० घ्यावी, तर तीही १४ ऑक्टोबर २०२५ ला निवृत्त.

शेवटी दुकानातल्या पोरानं रेजिस्ट्रीत चार नोंदी घालून आपली तपासणी चुकवली आणि आपण आत आलात. खरा तमाशा त्यानंतर.

आपण फक्त ६४ बिटांत येता. आमच्या मराठी फॉन्टच्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. तो आपल्याकडे चालतच नाही. डोंगल नाही तर फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नाही तर पेजमेकरमधली वर्षानुवर्षांची कामं उघडल्यावर दिसतं ते इंग्रजी अक्षरांचं आणि टिंबांचं कडबोळं. पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही.

आणि हे कधी? २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला. तेव्हापासून पारनेर ते पाथर्डी, पतसंस्था असो, दूध संस्था असो, नाही तर मंगल कार्यालय, सगळ्यांचं एकच म्हणणं: पावतीपुस्तक तेच, लेटरहेड तेच, फक्त 'अहमदनगर' काढून 'अहिल्यानगर' टाका. एका शब्दाचं तर काम! त्या एका शब्दासाठी जुनी फाइल उघडावी लागते, साहेब. युनिकोडमध्ये बदलून घ्या, असं सांगणारे शहाणे रोज भेटतात. घेतली बदलून. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली आणि 'मर्यादित'मधला रफार गायब. या जिल्ह्यात सहकारी संस्थांना तोटा नाही आणि प्रत्येकीच्या नावाचं शेपूट 'मर्यादित'!

आणि या सगळ्या अटी म्हणे सुरक्षेसाठी! कसली सुरक्षा सांगतोस रे? चोरायला आहे काय माझ्या मशीनमध्ये, मुंजीच्या पत्रिका? चालतं मशीन आहे. त्यावर घर चालतं. ते भंगारात घालायला सांगणारा तू कोण? नव्याचे हप्ते तू भरणार?

असो. अटींची यादी तुझ्या हातात दुसऱ्याच कुणी दिली. रात्रभर टक्के मोजत बसतोस, मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात, आणि सिस्टीम बसली की तुझं नाव कुणी काढत नाही. आमचंही नाव पत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात असतं, आणि प्रूफ बघताना यजमान आधी तेच काढायला सांगतात.

जुनी डिस्क परत लावली आहे. डोंगलचा दिवा लागला. व्हॉट्सॅपवरचा मजकूर मी मोबाइलवरून मोठ्यानं वाचतो, पोरगा टाइप करतो. पावतीपुस्तकांच्या फाइली संध्याकाळपर्यंत प्रेसला पोचवायच्या आहेत आणि दुकानात मोकळा पेनड्राइव्ह एकच, तुम्ही बसला आहात तो. तेव्हा फॉरमॅट मारतो आहे.

आपला,
एक डीटीपीवाला