शून्यावरचे अध्यक्ष

सोसायटीच्या ज्या सभेत माझी सेक्रेटरी म्हणून एकमताने निवड झाली, त्या सभेला मी हजर नव्हतो. म्हणूनच ती एकमताने झाली. चोवीस फ्लॅट, त्यांतले वीस थकबाकीदार. त्याच सुमारास भाचीने मला पायथन शिकवायला घेतलं होतं. म्हटलं, विद्या कामाला लावू. मेंटेनन्सची यादी मोठ्या बाकीपासून उतरत्या क्रमाने लावली, पहिले दहा निवडायला चौकटी कंसात १:१० लिहिलं आणि जे आलं ते नोटीस बोर्डावर डकवलं.

संध्याकाळी बोर्डापुढे ही गर्दी! मथळा ‘पहिले दहा थकबाकीदार’, आणि खाली नावं नऊ. गळालेलं नाव अध्यक्षांचं; दोन वर्षांत छदाम न भरलेले. ‘किती मिळाले?’ असं मला जिन्यात तिघांनी विचारलं. चौथा नुसताच हसला, ते जास्त लागलं.

“मामा, अरे मोजणी शून्यापासून असते,” भाची म्हणाली. “तळमजला, मग पहिला मजला, तसं.”

हे पटलं. अध्यक्ष तळमजल्यावरच राहतात.

“मग दहापर्यंत सांगितलं, तर दहा नंबरचा यायला नको? म्हणजे अकरावा?”

“नाही. दहाच्या अलीकडे थांबतो.”

इथे माझं डोकं फिरलं. ‘१० तारखेपर्यंत भरा’ म्हटलं की दहाच्या रात्री पावणेबाराला चेक घेऊन बेल वाजवणारी माणसं आम्ही! पायथनचा ‘पर्यंत’ म्हणजे आजीच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचा उंबरठा. तिथवर यायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

या सोवळ्याचीही मीमांसा झालेली आहे. एड्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ साली चक्क हाताने टिपण लिहून मोजणी शून्यापासून आणि शेवटचा आकडा वगळून का करावी, ते सांगितलं. मेसा नावाच्या भाषेत सुरुवात-शेवट धरण्या-सोडण्याच्या चारही पद्धती चालत. बाकीच्या तिन्हींनी सतत चुका होतात, हा तिथला अनुभवही त्यांनी नोंदवला. मी ०:१० आणि १०:२० करून पाहिलं. दोन्हीकडे बरोब्बर दहा-दहा. कुणी दोनदा नाही, कुणी सुटला नाही. आमच्या पंगतीत हे कधी जमलेलं नाही.

उणे एक लिहिलं की शेवटचा माणूस येतो, हेही शिकलो. आर नावाच्या भाषेत मात्र उणे एक म्हणजे पहिल्याला वगळून बाकीचे सगळे. ही भाषा अध्यक्षांच्या कानावर जाऊ न दिलेली बरी.

सुधारलेली यादी लावली. यावेळी अनुक्रमांकही संगणकाकडूनच छापून घेतले. हाताने काही नको, पुन्हा संशय नको. अध्यक्ष आले, चष्मा वर करून त्यांनी स्वतःचं नाव शोधलं आणि त्याच्या डावीकडच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हे बघा सेक्रेटरी,” ते खूश होऊन म्हणाले, “तुमच्याच कॉम्प्युटरने लिहिलंय. बाकी शून्य.”