गाठीशी गाठ

(लातूर. गंजगोलाईच्या मागच्या बाजूची एक गल्ली. सकाळचे सात. दारात छोटा हत्ती उभा. त्यात लोखंडी कपाट, पलंग, शिलाई मशीन, ज्वारीचे दोन कट्टे, लोणच्याची बरणी. लेकीची नांदेडला बदली झालीय, तिचा संसार निघालाय. जावयाचे सगळे कपडे रात्रीच बॅगांत गेल्यामुळे त्याच्या अंगावर सासऱ्यांचा पायजमा आहे. एका हातात मोबाइल. तो उभाच आहे.)

सासूबाई : बसा की जावईबापू. चहा टाकलाय.

जावई : नको मामी. चहा नको. पाणीसुद्धा नको.

सासरे : राहू दे, पुण्याची सवय असती एकेकाची. घ्या, रश्श्याचं ते टोक धरा.

जावई : थांबा मामा. आधी गाठ निवडू. मी रात्रभर व्हिडिओ पाहिलेत. अ‍ॅश्ली नावाच्या अमेरिकनाचा गाठींवर एक ग्रंथ आहे. 11 वर्षं खपला तो त्यावर. 1944 साली निघाला. साडेतीन हजारांच्या वर नोंदी आहेत.

सासरे : अकरा वर्षं? तेवढ्यात मी दोन लेकींची लग्नं लावली अन् एक हीर पाडली. जनावरं किती होती त्याच्याकडं?

जावई : जनावरं नव्हती. चित्रकार होता. जहाजांवर वावरलेला.

सासरे : मंजी बांधायला घरी काईच नव्हतं. म्हणून एवढ्या सुचल्या.

गाडीवाला : मामा, साडेतीन हजारातली कंची मारायची ते ठरवा. अहमदपूरच्या पुढं ऊन लागतंय.

जावई : साध्यापासून सुरू करू. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. झाली गाठ. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर ती घसरते.

सासूबाई : ते तोंडपाठ कशाला करायचं? गाठ सपाट बसली तर बरोबर, टोकं तिरपी आडवी निघाली तर चुकली. सोडायची अन् परत बांधायची. फडक्याला, गाठोड्याला चालती ती.

जावई : तेच! दोन दोर जोडायला ही वापरू नका, असं अ‍ॅश्लीही बजावतो. ह्या गाठीनं फार माणसं मारलीत म्हणे.

सासरे : आता शाना बोलला तुमचा चित्रकार. दोन दोर जोडायचे तर जाड दोराचा कान करायचा. बारीक दोर कानातून वर काढायचा, कानाच्या मागून फिरवायचा अन् स्वतःच्याच खाली दडपायचा. 2016 ला शेतातल्या हिरीचं पाणी असं खाली गेलं की पोहऱ्याला दोर पुरंना. कासरा जोडला, मग त्याला नाडा जोडला. जोडलेला दोर निघाला नाही, पाणीच संपलं. मग शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आता तिथं आमच्या गाठीचं काय चालणार?

गाडीवाला : मी टँकरवर होतो तवा. नळी तोंडाला बांधायला सायकलची ट्यूब. गाठ नाही, काई नाही. नुसती गुंडाळून टोक खोचायचं.

सासूबाई : ताक तरी घ्या, बापू.

जावई : (एका पायावरून दुसऱ्या पायावर येत) ताक तर नकोच! पोहऱ्याचं म्हणालात ना मामा, त्याची गाठ आहे माझ्याकडे. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. असा फास तयार होतो जो आवळत नाही.

सासरे : ससा कशाला पाहिजे त्याला? (बोलता बोलता तीच गाठ मारून दाखवतात.) हेच ना? हे गाईच्या गळ्याला. देवणी असो नाही तर लाल कंधारी, गळ्यातला फास आवळला की जनावर गेलं. अन् त्याच दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. तिथं मात्र सुरगाठ. गोठ्यात साप निघाला, आग लागली, तर एका हिसक्यात मोकळं झालं पाहिजे. एक दावं, दोन टोकं, दोन गाठी. बदलाबदल केली की काम तमाम.

गाडीवाला : माळेगावच्या यात्रेत बघा तुम्ही. खंडोबाच्या माळावर शेकड्यानं जनावरं. खरा शेतकरी कोण अन् हौशी कोण, ते खुंट्याकडं बघून कळतंय. आपल्या रस्त्यावरच हाय, उतरून दावतो.

जावई : (घाईनं) उतरायचं नाही कुठेही. आता कपाटाचं बोला. व्हिडिओत असं सांगतात की रश्श्याच्या मध्येच एक डोळा करायचा, टोक खाली हुकातून आणून त्या डोळ्यात ओवायचं आणि ओढायचं. कप्पीसारखं काम होतं. कागदावर तिप्पट ताण. रस्सा रश्श्यावर घासतो, म्हणून हातात बराच कमी येतो.

गाडीवाला : (तेवढ्यात तेच करून मोकळा झालेला) हे? हे आम्ही मोंढ्यात रोज करतो. सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी याच्यावरच राहती.

जावई : ह्याला म्हणता काय तुम्ही?

गाडीवाला : काय म्हणणार? ‘आवळ’ म्हणतो.

सासरे : नायलॉन हाय, एक येढा जास्त दे. अंबाडीचा दोर एकमेकाला धरून बसायचा, घायपाताचाबी. हे निब्बर गुळगुळीत. याला पीळ हाय पण गुण नाही.

सासूबाई : अन् बरणी माझी मी बांधलीय. तिला हात लावू नका. तोंडावर फडकं, त्याला सुतळीचे तीन येढे अन् सुरगाठ. खरकट्या हाताचं एक बोट लावलं तरी सुटती. ह्यांनी मागच्या साली निरगाठ मारली होती, दिवाळीपर्यंत लोणचं कुणालाच मिळालं नाही.

सासरे : मुरलं की नाही पण?

सासूबाई : मुरलं. बुरशीसकट.

जावई : म्हणजे घरात एकूण किती गाठी लागतात? मी पाच काढल्यात.

सासरे : चार.

सासूबाई : पदराची धरून पाच. तुमच्या पेन्शनची तारीख कुठं बांधून ठेवती मी?

सासरे : अन् आपली ती लग्नाची...

सासूबाई : ती मोजू नका. पाचच धरा.

(गाडीवाला शेवटचं टोक सुरगाठीनं बंद करतो, रश्श्यावर थाप मारतो. रस्सा तुणतुण्यासारखा वाजतो.)

सासरे : बघा, एवढं बांधलं तरी तो निरगाठ मारीत नाही. नांदेडला दारात गाडी उभी करून शेजाऱ्याकडं कात्री मागायची का?

जावई : मामा... एक विचारू? समजा, चुकून बसलीच निरगाठ. बारीक दोरी, सुती. वर तिच्यावर पाणी पडलंय. तर?

सासरे : अवघड हाय. सुत भिजलं की गाठ जास्तीच धरती. तोडू नाही कधी. गाठ बोटांनी चुरायची, इकडून तिकडून मोडायची. मोकळं टोक पिळून काडीसारखं ताठ करायचं अन् गाठीत माघारी ढकलायचं.

जावई : केलं.

सासरे : दातानं?

जावई : पोचत नाहीत.

सासरे : मग दाभण. टोक घुसवून हळूच सैल करायची. कधीपासून बसलीय?

जावई : पहाटे पाचपासून.

सासरे : अन् हाय कुठं ही गाठ?

(जावई काही बोलत नाही. पायजम्याकडे बघतो. सासूबाई ताकाचा तांब्या उचलून लगबगीनं आत जातात.)

सासरे : (गाडीवाल्याला) बाबा, कट्टे शिवायचं दाभण असंल ना तुझ्याकडं? दे इकडं. अन् तू जरा गोलाईकडं तोंड करून उभा ऱ्हा.