‘श्रमसाफल्य’बद्दल काही किरकोळ तक्रारी

वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क घरीच करावं, ही कल्पना मुळात वाईट नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या मंडळींनी स्वतःच्या सोयीसाठी असंच एक केलं, २००५ मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याचं नाव ‘जँगो’ ठेवलं. आज ते जगभर चालतं. त्याच सुमारास पुण्यात आमच्या सरांनी पीएचपीमध्ये एक केलं आणि त्याला आपल्या बंगल्याचं नाव दिलं : श्रमसाफल्य. त्यातले श्रम आमच्या वाट्याला आले.

२००६ मध्ये ‘कोडइग्नायटर’ फुकट मिळू लागलं, तेव्हा कोणीतरी ते सुचवून पाहिलं. सर म्हणाले, “त्यात आपल्याला नको असलेलं पुष्कळ आहे.” पुढे ते सगळं आम्हाला एकेक करून हवं झालं आणि एकेक करून श्रमसाफल्यात आलं. फरक इतकाच, की कोडइग्नायटरमधलं आधी जगाने वापरून पाहिलेलं असे; आमचं थेट क्लायंट वापरून पाहत.

डेटाबेसमध्ये नोंद टाकायला ‘ठेव’ नावाचं फंक्शन होतं. ते कधीकधी एकच नोंद दोनदा ठेवी, म्हणून ‘ठेव२’ आलं. ‘ठेव२’ला तारखा कळत नसत, म्हणून ‘ठेव_खरं’. हे ‘ठेव_खरं’ उघडून पाहिलं तर ते आतून मुकाट्याने पहिल्या ‘ठेव’लाच बोलवत असे. माहितीपुस्तिका नव्हती. “कोड वाच, सगळं त्यात आहे,” असं सर सांगत. सगळं त्यात होतं, हीच अडचण होती.

बाकीचे लोक एरर आली की ती गूगलवर टाकतात आणि कोणीतरी आधीच रडून ठेवलेलं असतं, त्यातून उत्तर उचलतात. आमची एरर टाकली की गूगल विचारी, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं आहे का? म्हणायचं पुष्कळ होतं.

एररचे संदेशही सरांनीच लिहिलेले. ज्या पानाचा हक्क नाही तिथे गेलं की पांढऱ्या पडद्यावर येई : “इथे कसा आलास?” टेस्टिंग करताना आम्हाला त्यात आपुलकी वाटायची. मग तो संदेश एका पतसंस्थेच्या व्यवस्थापक बाईंना दिसला. लेटरहेडवर पत्र आलं, की इतक्या वर्षांच्या सेवेत आपल्याशी कोणी एकेरीत, आणि तेही पुल्लिंगी, बोललेलं नाही. जे पान दिसायला हवं होतं ते दिसत नाही, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. सरांनी त्याच दिवशी “इथे कशा आलात?” अशी दुरुस्ती करून सगळ्या क्लायंटकडे चढवली. पुढच्या आठवड्यात त्याच संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा फोन आला.

गावाच्या नावाला सरांनी तीस बाइट दिले होते. इंग्रजीत तेवढे भरपूर. देवनागरी युनिकोडमध्ये मात्र यूटीएफ-८ प्रमाणे प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे चिन्हं दहा. महाबळेश्वर बरोब्बर मावलं. त्र्यंबकेश्वरचं ‘त्र्यंबकेश’ झालं आणि तसंच पावत्यांवर छापून गेलं. सरांचं म्हणणं पडलं, की लोकांना कळतं.

पीएचपीवाल्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सातवी आवृत्ती काढली आणि मायएसक्यूएलशी बोलायची जुनी फंक्शन्स कायमची काढून टाकली. श्रमसाफल्याची जवळजवळ प्रत्येक फाइल त्यांच्यावर उभी होती. अचानक केलं असं म्हणता येणार नाही. २०१३ च्या ५.५ पासून ते रीतसर इशारे देत होते. आम्हाला ते दिसले नाहीत, कारण सगळे इशारे बंद करण्याची आज्ञा श्रमसाफल्याच्या पहिल्याच ओळीत होती. जँगोवर अशी वेळ आली असती तर दुरुस्तीला देशोदेशीचे लोक धावले असते. इथे मी होतो. सर मीटिंगमध्ये होते.

दरम्यान मी दुसरीकडे मुलाखतीला जाऊन आलो. समोरच्या मुलीने विचारलं, “लॅरॅव्हेल येतं?” मी म्हणालो, श्रमसाफल्य येतं. तिने ते लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

शेवटी नवीन कामं लॅरॅव्हेलमध्ये करायची असं ठरलं आणि श्रमसाफल्य निवृत्त झाल्याचं सरांनी जाहीर केलं. केक कापला. सर बोलले, त्यात कोडइग्नायटरचा उल्लेख दोनदा आला. क्लायंट एकेक करून नव्याकडे नेले. एका जुन्या क्लायंटचा मार्चअखेरचा एक रिपोर्ट मात्र नव्या पद्धतीत दहा पैशांनी वेगळा येतो. कुठला बरोबर हे कोणी सांगू शकत नाही, पण त्यांच्या ऑडिटरला जुनाच हवा आहे. म्हणून पीएचपी ५.६ चा एक सर्व्हर अजून चालू आहे. त्या आवृत्तीला २०१८ च्या अखेरीपासून कोणी वाली नाही, त्यामुळे ती चालवायला जागा देणारे जास्त पैसे लावतात. वर्षातून एकदा निघणाऱ्या त्या रिपोर्टच्या सर्व्हरचं भाडं आमच्या बाकी सगळ्या सर्व्हरपेक्षा जास्त आहे.